हौसाक्काच्या दहाव्याला

आधीच सांगून टाकते, मी पास्टरची बायको आहे. आमच्या घरात भूत, करणी, नवस, कावळा... यातलं काहीही चालत नाही. माहेरी माधवनगरला सगळं चालायचं, पण मला ते तिथंही कधी पटलं नव्हतं. आई पितरांचा घास गच्चीवर ठेवायची आणि मी म्हणायचे, मांजर खातंय गं, आजोबा नाही. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या गोष्टींना हसले आहे. तेव्हा माझी वाचून तुम्ही हसलात तर तक्रार नाही.

थोडं माझ्याबद्दल, कारण ते पुढे लागणार आहे. सांगलीला कॉलेजात असताना ह्यांची ओळख झाली. लग्न मी माझ्या मर्जीनं केलं, बाप्तिस्माही माझ्या मर्जीनं घेतला. त्या दिवसापासून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याशी बोलणं सोडलं. मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस, मिल बंद पडली तेव्हाही एवढा गप्प झाला नव्हता. "या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही," एवढंच म्हणाले. आई चोरून फोन करते. प्रत्येक फोनच्या शेवटी तिचं ठरलेलं वाक्य — "निवळत आलंय गं त्यांचं. बोलावतील." आणि मी जेवतानासुद्धा फोन ताटाशेजारी ठेवते. न जाणो, तेव्हाच आला तर...

ह्यांना सेवेसाठी जे गाव मिळालं त्याचं नाव सांगत नाही, अजून तिथंच राहायचंय. कराडला लागून मलकापूर आहे, तिथून आत कृष्णेच्या अंगाला. चारी बाजूंनी ऊस, आणि घरटी एक माणूस मिलिटरीत. रस्त्याकडेची भाड्याची पत्र्याची खोली हे आमचं प्रार्थनाघर, पुढे पडवी, मागे आमचा संसार. गाव ह्यांना फादर म्हणतं. हे दर वेळी समजावतात की मी फादर नाही, पास्टर आहे, मला बायको आहे. गाव म्हणतं, बरं फादर.

हौसाक्का, गावातली एक विधवा म्हातारी, आमच्याकडे आल्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करून घ्यायला, आणि टिकल्या चहासाठी. हे त्या स्वतःच सांगायच्या. पुढे कृष्णेत बाप्तिस्मा घेतला. त्या संध्याकाळी थोरला मुलगा संपत त्यांचं गाठोडं आमच्या पडवीत आणून टाकून गेला. "तिकडंच ऱ्हा आता."

धर्म वगैरे सगळं तोंडी लावायला होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा नवा बंगला बांधून होत आला होता आणि त्यात म्हातारीला खोली नव्हती. आमच्या पाण्यानं त्यांच्या हाती आयतं कोलीत दिलं, एवढंच. पडवीतून तो बंगला समोर दिसायचा. गेटवर संगमरवरी पाटी होती — मातृछाया. आई आमच्याकडे, छाया त्यांच्याकडे.

हौसाक्का खांबाला टेकून, रस्त्याकडे तोंड करून बसायच्या. जेवतानाही तसंच. एक घास घेतला की मान वर, रस्त्यावर नजर. पुन्हा एक घास, पुन्हा मान वर. मी एकदा चिडवलं, "आक्का, भाकरी पळून जात नाही रस्त्यानं." तर माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माजा रस्ता, तुजा फोन. दोगी बी खुळ्याच हाय आपुन."

आमचे हे वाईट माणूस नाहीत. पण हौसाक्का त्यांच्या हाती लागल्यावर त्यांनी काय केलं तेही सांगायला हवं. दर रविवारी त्यांना उभं करून साक्ष द्यायला लावायचे — मुलांनी कसं काढलं, प्रभूनं कसं सांभाळलं. मोबाईलवर व्हिडिओ काढून वर, मिशनच्या ऑफिसला पाठवायचा. "आक्का, गाठोडं टाकलं ते सांगताना घाई करू नका, तिथं थांबा जरा," असंही एकदा मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि एक दिवस हौसाक्काच त्यांना म्हणाल्या, "फादर, बुक्का लावून घरला जाऊ का वं? हात जोडते पोरांफुडं. माज्या मनात काय हाय ते द्येवाला ठावं हाय."

हे म्हणाले, "म्हणजे प्रभूला नाकारणार? मग त्या दिवशी तोही तुम्हाला नाकारेल, आक्का."

त्यांनी परत विचारलं नाही. रात्री मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले. उपयोग शून्य.

मग वास्तुशांत आली. सगळ्या गावाला जेवण, मांडव, स्पीकर. हौसाक्का पहाटेच उठल्या, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि खांबाला टेकून बसल्या. मी चहा दिला तर घेतला नाही. "आज बोलवत्यात. घरात तोंड गोड करायचं हाय." स्पीकरवरून पंगतीची हाक ऐकू यायची — पहिली पंगत, दुसरी पंगत, मग आचारी आणि वाढपी. ऊन उतरलं तेव्हा संपत गाडीवरून आला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही. कॅरीबॅगमध्ये जिलेबी होती, ती पुढे केली.

"पाव्हणं हैत गं आये घरात. दिवाळीला न्हितो तुला."

"व्हय व्हय," हौसाक्का म्हणाल्या, "पाव्हण्यास्नी बघ आदी."

ती जिलेबी त्यांनी मला वाटायला लावली, माझ्या लेकानं दिली म्हणून. मला ती गिळवली नाही. दिवाळी आली, गेली. दुसरीही गेली. संपत "पुढच्या" म्हणायचा. धाकटा विलास मिलिटरीत, तो फोनवर "रजेवर आलो की बघतो आये" म्हणायचा. हे म्हणायचे, प्रभू त्यांची मनं पालटेल. मी म्हणायचे, बोलावतील आक्का. एकटी थोरली सून सुनंदा कधी काही म्हणाली नाही. फटकळ तोंडाची म्हणून ती गावात प्रसिद्ध, पण आमच्या पडवीसमोरून जाताना मान फिरवून जायची.

हौसाक्का गेल्या त्या दुपारच्या, खांबाला टेकलेल्याच. डोळे उघडे, रस्त्याकडे.

आणि काय सांगू... तासाभरात सगळी भावकी हजर. संपत छाती पिटून रडत होता. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. आमच्या पद्धतीनं मातीत ठेवू या, असं हे एकदा म्हणाले. चार जणांनी वळून पाहिलं तशी ह्यांनी छातीशी धरलेलं बायबल काखेत घेतलं. हौसाक्कांना उचलून मातृछायाच्या गेटमधून आत नेलं. पहिल्यांदाच.

दहाव्याच्या दिवशी उन्हं बऱ्यापैकी वर आल्यावर विलास गाडी घेऊन दारात. डोक्याचा गोटा, डोळे लाल.

"म्याडम, जरा अर्जंट चला. कावळा शिवंना."

"अरे, आम्ही नाही मानत हे."

"तुमी मानू नका. आईचं काय मागं ऱ्हायलंय, तेवढं सांगा. तुमच्याजवळच हुती ती."

मी निघाले. हे "अंधश्रद्धा, अंधश्रद्धा" करत आपली गाडी काढून मागोमाग आले. गाव जमलंय म्हटल्यावर ते घरी थोडेच बसतात!

नदीकाठी दोन दहावे होते. खालच्या अंगाला दुसऱ्या एका घरचा. त्यांचा पिंड ठेवला न ठेवला तोच कावळ्यांनी साफ केला, माणसं आंघोळी करून निघालीही होती. हौसाक्कांचा पिंड तसाच. वर करंजाच्या झाडावर पंचवीस-तीस तरी कावळे, खाली भात, आणि एकही उतरत नव्हता. नुसते बसून बघत होते. काव नाही, काही नाही. मी कावळे इतके गप्प कधी पाहिले नव्हते.

संपत हात जोडून बोलत होता. "आये, बंगल्यात तुजा मोट्टा फोटू लावतो... आये, तुज्या नावानं शाळंला पंखं देतो..." एक कावळा फांदीवरून खाली आला, पिंडाजवळ दोन उड्या मारल्या आणि परत गेला. विलास म्हणाला, "आये, पुढच्या रजेला आलो की..." आणि तिथंच त्याला हुंदका फुटला. पुढच्या रजेला काय करणार होता तो?

मग आमचे हे पुढे झाले. डोळे मिटून, हात उंचावून खणखणीत आवाजात प्रार्थना सुरू. भटजी तोंडात बोट घालून बघत राहिले. कावळे हलले नाहीत.

शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "त्यांना घरी यायचं होतं. बाकी काही नाही."

संपतनं लगेच उचललं. "व्हय आये! चल घरला! तुला न्ह्यायलाच आलोय बघ!"

त्याचं वाक्य संपलं आणि झाडावरचे सगळेच्या सगळे कावळे एकदम उठले. आवाज न करता नदी ओलांडून पलीकडे गेले. झाड रिकामं. हे मी एकटीनं पाहिलेलं नाही, सगळ्या गावानं पाहिलंय. बायकांनी पदर तोंडाला लावले. भटजींनी मुकाट्यानं दर्भ बाहेर काढला, दर्भाचा कावळा करून उरकायचं म्हणून. संपत रडकुंडीला आला. "न्हाई ओ, खरा शिवायला पायजे... पाव्हणं बगत्यात..."

तेव्हा सुनंदा उठली. बायकांत मागे बसली होती. डोईवरचा पदर खोचला, पिंडासमोर येऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत.

"आत्ती," ती मोठ्यानं म्हणाली, "आमी तुमास्नी न्हेणार न्हवतो. ह्या दिवाळीला न्हाई आन् फुडच्या बी न्हाई. तुमची खोलीच बांदली न्हवती. मलाच नको हुता तुमी. आता वाट बगू नका."

"ए, गप!" संपत ओरडला. कोणीतरी सुनंदाचा दंड धरला.

पलीकडच्या काठावरून एकच कावळा निघाला. सरळ आला, पिंडावर बसला आणि खायला लागला.

कावळा खाताना तुम्ही पाहिलाच असेल. एक टोच मारतो, मान वर करून चारीकडे बघतो, मग दुसरी. हा तसा नव्हता. एवढी माणसं भोवती, सुनंदा दोन हातांवर, संपत मोठमोठ्यानं रडतोय... त्यानं मान एकदाही वर केली नाही. शांतपणे सगळा भात खाल्ला, शीतसुद्धा ठेवलं नाही. मग उडून गेला, आणि कुठं गेला ते कोणालाच सांगता आलं नाही.

परत येताना चढावर सुनंदा माझ्या बाजूनं चालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजं तोंड वाईट हाय म्याडम. पर म्या कवा त्यास्नी दिवाळी सांगितली न्हाई."

मला तिचा संताप आला होता. अजून येतो. पण चढ संपेपर्यंत मी तिच्या बरोबरीनंच चालले.

हे म्हणाले, कावळाच तो, भूक लागली, आला. असेल. मग इतका वेळ बाकीच्यांना भूक नव्हती का, शेजारचा पिंड कोणी खाल्ला, आणि मान का वर केली नाही... विचारलं की हे विषय बदलतात. माझ्या धर्मात याला जागा नाही, आणि माहेरच्या धर्मातही कावळा आश्वासन मिळालं की शिवतो, ते मोडलं की नाही. मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला समजलं तर सांगा.

घरी आले आणि आईला फोन लावला. ती नेहमीसारखी सुरू झाली, निवळत आलंय गं... मी मध्येच थांबवलं.

"आई, खरं सांग. आप्पा मला कधी बोलावणार आहेत का?"

पलीकडे खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"न्हाई गं बाळा," आई म्हणाली.

मी बरं म्हटलं आणि फोन आत कपाटात ठेवून दिला. मग ताट वाढून घेतलं, पडवीत त्या खांबाला टेकून बसले आणि मान वर न करता पोटभर जेवले.