प्रोग्रॅम म्हातारा कसा होतो

कॉम्प्युटर लॅबमध्ये एसी असतो म्हणून माणसं टिकून बसतात, आणि माणसं बसली की किस्से साठतात! नव्वदच्या दशकात सुरतच्या एका कॉलेजात मी लॅब सांभाळायचो, तेव्हाचा हा एक.

आमची वैशाली पाटील एम.ई. करत होती. घर मूळचं खानदेशातलं, राहायला सुरतच्याच नवागामात, वडील पॉवरलूमवर कामगार. विषय : वापरातला प्रोग्रॅम वर्षानुवर्षं कसा बदलत जातो.

विभागप्रमुख म्हणाले, "प्रोग्रॅम काय लोखंड आहे गंजायला?"

"गंजत नाही सर, सुजतो!"

परवानगी मिळाली. पण सहा महिन्यांत पुरावा नाही आणला, तर विषय रद्द!

*

पुरावा म्हणजे एकाच प्रोग्रॅमची जुनी व्हर्जन्स. जिथे जावं तिथे उत्तर एकच, "नवं आलं, जुनं पुसलं." शेवटी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये जयेशभाई भेटले. कापडाचे रंग कसे मिसळायचे ते सांगणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. त्यांनी कपाट उघडलं. प्रत्येक व्हर्जनची फ्लॉपी, तारखेसकट!

"एवढं जपून ठेवलंत?"

"बेन, मने मारा नवा प्रोग्राम पर भरोसो नथी!"

*

त्यातल्या मधल्या तीन फ्लॉप्यांना बुरशी. वैशाली रडवेली झाली. तिचे वडील म्हणाले, "आन माले. मी रोज धागा सांधस, हाई काय मोठं काम शे!"

त्यांनी प्रत्येक फ्लॉपीचं प्लास्टिकचं पाकीट अलगद कापलं, आतली चकती पुसली आणि नव्या पाकिटात सरकवली. तिन्ही वाचल्या गेल्या! लॅबमध्ये अशा टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

*

सगळी व्हर्जन्स ताडून वैशालीनं जयेशभाईंना सांगितलं, "ज्या भागाला सगळ्यात जास्त वेळा हात लागलाय, तोच पुढे बिघडणार. तुमचा हिरव्या रंगाचा भाग."

ते हसले. आठवड्यानं फोन आला, "बेन, ग्रीन गयो! तमे ज्योतिष जाणो छो?"

त्या दिवसापासून विभागप्रमुख भेटेल त्याला सांगायला लागले, "आपणच सुचवलेला विषय!"

*

आणि तोंडी परीक्षा. परीक्षक बडोद्याचे, चेहरा कडक. पहिल्याच व्हर्जनच्या कोडच्या एका पानावर ते थांबले. बराच वेळ वाचत राहिले.

"इथं हा गुंता कुणी करून ठेवला?"

"नाव नाही सर," वैशाली म्हणाली. "पण पुढची सगळी सूज इथूनच सुरू होते. ज्यानं लिहिलं त्याला घरी जायची फार घाई होती, एवढं नक्की!"

परीक्षकांनी चष्मा काढला.

"लग्न होतं माझं," ते म्हणाले, आणि सही केली.