रविवारी पाच वाजता हजर

माझा फोन दर आठवड्याला कुरकुरतो: जागा संपली, फोटो पुसा. पुसायला बसलं की प्रत्येक फोटोला एक किस्सा चिकटलेला निघतो. मग पुसणार काय, कपाळ!

नारायणगुड्यातल्या शाळेतून मी निवृत्त झाले. घरात एकटीच. म्हणून मोबाइलवर मराठी निबंधाचा ग्रुप काढला. रविवारी पाच वाजता मुलांनी ‘हजर’ लिहायचं, मी विषय द्यायचा, त्यांनी वहीत लिहून फोटो पाठवायचा. त्या फोटोवरच बोटाने लाल रेघा मारून मी परत धाडायचे.

*

निखिलने लिहिलं, ‘माझी आई पहाटे उठून सडा-रांगोळी करते.’ त्याची आई रात्रपाळीला. पहाटे घरी येऊन झोपते. मी लाल शेरा मारला, ‘हे खोटं. परत लिही.’ मग त्याने लिहिलं, ‘आई झोपते तेव्हा मी कुकरची शिट्टी होऊ देत नाही.’ दहापैकी नऊ दिले. माझा शेरा मात्र ग्रुपभर गाजला.

*

हिमायतनगरच्या ओंकारचं अक्षर एकाएकी सुधारलं. विचारलं, तर उत्तर आलं, ‘बाई, मी त्याची आई. तो क्रिकेटला पळाला. शाळा सोडल्यावर पहिल्यांदाच मराठी लिहिलं हो. चुका काढा ना.’

काढल्या. सहा मार्क दिले. ओंकारची आई भलतीच खूश.

*

कुकटपल्लीच्या तन्वीला मराठी वाचायला जड जातं, म्हणून तिला शेरे बोलून पाठवते. ती ते जेवताना मोठ्याने लावते. तिचे बाबा म्हणाले, ‘हौ बाई, तुम्ही तर आमच्या पंगतीलाच असता की.’

त्या दिवशी मी उभ्याने पोळी न खाता ताट वाढून घेतलं.

*

परीक्षा, ट्यूशन, शिफ्टिंग. अकराचे चार झाले, चाराचे दोन. गेल्या रविवारी पाच वाजले, सव्वापाच झाले, एकही ‘हजर’ नाही. ग्रुप बंद पडला तर माझ्याशी बोलणारं कोणी उरत नाही, हे तेव्हा स्वच्छ कळलं.

तरी विषय टाकला: ‘रविवारची संध्याकाळ’. कोणी लिहीना, तेव्हा मीच वहीत लिहिलं आणि फोटो पाठवला. शेवट जरा ऐटीत केला होता: ‘एकटीने राहायची मला सवय झाली आहे. मी कोणाची वाट पाहत नाही.’

सोमवारी शाळा सुटल्यावर तन्वीकडून तोच फोटो परत आला. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ, आणि बोटाने गिरवलेली वाकडी अक्षरं:

‘हे खोटं. परत लिहा, बाई.’