अण्णा सरांच्या आईचा चेहरा

अण्णा सरांना स्वतःच्या आईचा चेहरा माहीत नव्हता.

अख्ख्या गावाचे चेहरे त्यांनी काढले. सरपंचाचा काढला, आमच्या शेळीचासुद्धा काढला.

आज पहाटे सर गेले.

रहिमतपूरजवळच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी. आता पन्नाशीला आलोय, तरी त्यांच्यासमोर पेन्सिल नीट धरायचो.

सकाळी त्यांच्या अंगणात बसलो होतो. शेजारी त्यांचे जुने मित्र, इस्लामपूरचे बापू.  एकदम म्हणाले, "तुला मुंबईची ट्रिप सांगितली हुती का त्यानं?"

कितीतरी वेळा सांगितली होती.

तरी म्हटलं, "तुमी सांगा."

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सांगलीला ड्रॉइंग टीचरचा कोर्स करणारे सहा जण मुंबईची चित्रं बघायला निघाले. त्यात हे दोघं. विशीतले. राहायला गिरणीत काम करणाऱ्या गावकऱ्यांची खोली. दिवसभर पायी मुंबई.

सर म्हणायचे, "त्या चार दिवसांत माजं पाय भुईला लागलंच न्हाईत."

एका गॅलरीत नुसता निळा रंग. भिंतभर. त्यांना कृष्णेच्या डोहात हळूहळू उतरल्यासारखं वाटलं. पुढच्या खोलीत माणसं होती, पण त्यांना तोंडंच नव्हती.

बापू म्हणाले, "हितंबी कुणाला कुणाचं तोंड आठवंना बघ."

सर हसले नाहीत. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं.

आई गेली तेव्हा ते तीन वर्षांचे. घरात तिचा एकही फोटो नाही. वडिलांना, म्हणजे आबांना, विचारलं की आबा बैलांना वैरण टाकायला उठायचे. मुंबईत एवढे चित्रकार आहेत, कुणीतरी आई काढून देईल, या आशेवर सर गेले होते.

भेटेल त्याला विचारायचे, "न बघितलेल्या माणसाचं चित्र काढता येतं का?"

कुणी हसलं. कुणी म्हणालं, फोटो आण. एकाने इंग्रजीत खूप वेळ समजावलं. बापू मान डोलवत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते सिनेमाचे बोर्ड रंगवतात त्या शेडमध्ये शिरले. एक म्हातारा पेंटर परांचीवर बसून नटीचा डोळा रंगवत होता. डोळा बैलगाडीच्या चाकाएवढा.

प्रश्न ऐकून त्याने वरूनच विचारलं, "घरात तिच्यासारखं कोण दिसतं?"

"मावशी म्हंती, मीच."

तेव्हा तो खाली उतरला. सरांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"मग ती इथंच आहे की. मिशी काढून ये."

आमच्याकडे मिशी उतरते ती आई-वडील गेल्यावर. बाप जिवंत असताना काढली, तर त्याचं मरण मागितल्यासारखं.

बापू भडकले. "आबा धडधाकट हाय तुजा. येडा झालायस का?"

"आई गेली तवा मला मिशी न्हवती, बापू. आता हाय."

 मग बापूच त्यांना झाडाखालच्या न्हाव्याकडे घेऊन गेले.

शेडमध्ये परत येऊन सर स्टुलावर बसले. डोक्यावर बापूंचं उपरणं, पदरासारखं. रंगाचा वास. पत्र्याच्या भोकांतून पडलेले उन्हाचे ठिपके. चारी बाजूंना अर्धवट रंगवलेले मोठमोठे चेहरे. म्हातारा कोळशाने कागदावर काढत होता.

सर सांगायचे, "बसल्या बसल्या मी कोण हाय तेच कळंना. वाटलं, तीच बसलीया, आन् मी तिच्या मांडीवर हाय."

परत आले तर रहिमतपूरच्या स्टँडवर एक पाहुणे भेटले. सरांची मिशी नाही हे पाहून गळ्यातच पडले. "कवा गेलं रं आबा?" सर सांगायला लागले, पण ऐकतंय कोण. पाहुणे रडत रडत घरापर्यंत आले.

दारात आबा बैलांना पाणी पाजत होते.

म्हणाले, "मलाच इचार की."

पाहुणे चहा न घेता गेले.

आबा दोन दिवस लेकाशी बोलले नाहीत. जे काय बोलायचं ते बैलाशी. "माजं मराण बघायची घाई झालीया त्याला."

तिसऱ्या दिवशी सरांनी कागदाची गुंडाळी उलगडली आणि चित्र आबांच्या समोर धरलं. काहीच सांगितलं नाही.

आबांनी लांबून पाहिलं. मग जवळ येऊन पाहिलं. हात धोतराला पुसले, पण चित्राला लावले नाहीत.

"ही ती न्हवं," म्हणाले.

सरांनी कागद परत गुंडाळायला घेतला.

"कपाळ तिचं हाय. भुवया वाईच वर हुत्या. हनवटीवर गोंदण हुतं, तीन ठिपकं. जा, चुलीतला कोळसा आन."

दिवस मावळेपर्यंत आबा सांगत राहिले. सर पुसत राहिले, काढत राहिले.

तिला पोहता यायचं. हसताना ती तोंडावर पदर घ्यायची नाही. तिला गूळ आवडायचा नाही, आणि घरी गुऱ्हाळ.

एवढ्या वर्षांत आबा तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होते.

ते चित्र मी लहानपणापासून पाहतोय. परीक्षेच्या सरावाला सरांच्या घरी जायचो, तेव्हा देवघराशेजारी असायचं. देवाला हात जोडले की तेच हात तिच्याकडे वळायचे. कुणी शिकवलं नव्हतं.

बापूंचं सांगून झालं तेव्हा सरांना न्यायची वेळ झाली होती. आम्ही दोघंही उठलो. बापूंना खांदा द्यायचा होता, गुडघे साथ देत नव्हते. चार पावलं त्यांनी दिलाच.

सर, वर कोण कुणाला भेटतं, मला माहीत नाही. माझा देवावर विश्वास आहे, एवढंच.

तुम्ही आता सत्तरी ओलांडलेले, आणि ती अजून पंचविशीचीच असेल.

गोंधळून जाऊ नका. नुसते उभे राहा.

ती ओळखेल.

नमस्कार करतो, सर.