बाईंना लाल चालत नसे

लाल रंगाचा आमच्या बाईंइतका तिटकारा असलेलं माणूस भिवंडीतच काय, उभ्या ठाणे जिल्ह्यात सापडायचं नाही. कुंकू त्या ठसठशीत लावत, देवाला जास्वंद वाहत, तिथे त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांचं वैर होतं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या लाल रंगाशी. मानकोलीच्या ज्या गोदामात मी एचआरचं काम बघतो, तिथे प्रत्येकाला सुरक्षेचे छोटे छोटे व्हिडिओ बघून शेवटी प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. ज्याचं झालं त्याचं नाव सॉफ्टवेअरच्या रिपोर्टात हिरवं, अर्धवट सोडलं त्याचं पिवळं आणि मुदत उलटली त्याचं लाल. दुसरीकडे असला रिपोर्ट कुणीतरी महिन्यातून एकदा उघडतो, जांभई देतो आणि वर पाठवतो. आमच्याकडे तो बाई सांभाळत, आणि एखादं नाव लाल दिसलं की पोर अजून शाळेतून घरी आलं नाही असं कळावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

बाई म्हणजे खरोखरच्या बाई. त्यांची सगळी नोकरी नारपोलीच्या एका शाळेत गेली. शाळेच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना, दिवसभर खटखट चालू. त्या खटखटीच्या वर आवाज चढवून कविता शिकवायची त्यांना इतकी सवय की वीज जाऊन माग थांबले तरी बाईंची पट्टी खाली यायची नाही, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं दचकून वर्गाच्या खिडकीकडे बघायची. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून त्या कंत्राटावर आमच्याकडे आल्या. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?" बाई म्हणाल्या, "शिकवलंत तर येईल. तुम्हाला शिकवता येतं का?" साहेबांनी पुढचं काही विचारलंच नाही. पहिल्या दिवसापासून सगळं गोदाम त्यांना बाईच म्हणू लागलं. उत्तरेकडचे कामगार मॅडमजी म्हणत, पण म्हणताना हातातली बिडी मागे लपवत.

सकाळची शिफ्ट सुरू होताना त्या रिपोर्ट उघडून दारात उभ्या राहत आणि लाल नावं मोठ्यानं वाचत. ज्याचं नाव येईल त्यानं एक पाऊल पुढे येऊन "करतो, बाई" म्हणायचं. एकदा त्यांनी मॅनेजरसाहेबांचंच नाव वाचलं. साहेब काचेच्या केबिनमध्ये फोनवर बोलत होते. बाई वाट बघत उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे सगळी शिफ्ट उभी, बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवतायत. शेवटी साहेब बाहेर आले, एक पाऊल पुढे सरकले आणि खालमानेनं "करतो, बाई" म्हणाले. मग माल हलला.

नाव हिरवं झालं म्हणून सुटका होई असंही नाही. "हिरवं म्हणजे बटण दाबलंय. कळलंय का ते मी बघणार," असं म्हणत त्या चहा प्यायला निघालेल्या माणसाला वाटेत गाठत. एकदा माल भरणाऱ्या एका गड्याला त्यांनी अडवलं, "आग लागली तर लिफ्टनं जायचं की जिन्यानं?" तो गोदामभर नजर फिरवून म्हणाला, "बाय, आपल्याकडं लिफ्ट न्हाय, जिना पन न्हाय. मी दारातना पलंन." बाईंनी त्याच दिवशी वरच्या ऑफिसला लिहिलं की गोदामाला मजला नाही, तरी व्हिडिओतला जिना काढावा. जिना अजून आहे.

रविवारी सुट्टी हाही गैरसमज. एकदा त्या वज्रेश्वरीच्या दर्शनाला गेल्या आणि येताना अकलोलीला थांबल्या, तर गरम पाण्याच्या कुंडात आमचा फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर गळ्यापर्यंत बसलेला. कंबर धरली होती बिचाऱ्याची. बाईंना कंबर नंतर दिसली, आधी आठवलं की हा लाल आहे, आणि तोही 'जड वस्तू कशी उचलावी' या विषयात. त्या पायरीवर पाठ करून उभ्या राहिल्या, डोळ्यांवर पदर घेतला आणि नारपोलीच्या पट्टीत विचारलं, "ओझं उचलताना काय वाकवायचं?" ड्रायव्हरनं पाण्यात डोकं घातलं. कुंडातले बाकीचे लोक मात्र एका सुरात ओरडले, "गुडघे!" पुढचे सगळे प्रश्न त्या अनोळखी मंडळींनीच सोडवले. सोमवारी बाईंनी त्याला पुन्हा एकट्याला बसवून घेतलं, कारण कुंड पास झालं होतं, ड्रायव्हर नाही.

लाल नावांना सॉफ्टवेअरमधून रोज सकाळी नऊला निरोप जाई. त्याचा मजकूर बाईंनी स्वतः लिहिला होता. "नमस्कार. तुमचे एक प्रशिक्षण बाकी आहे. आज करावे. उद्या म्हणू नये." खाली त्यांचं नाव. कामगारांना तो फोनवर जाई, आम्हा ऑफिसातल्यांना मेलवर. निरोप खरंच जातो का, यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक निरोपाची एक प्रत त्यांनी स्वतःच्या घरच्या मेलवर लावून घेतली होती. कंत्राटी माणसाला कंपनी मेल देत नाही.

याच निरोपानं पुढे घात केला. एका आठवड्यात पॅकिंगचा अख्खा विभाग हिरवागार झाला. साहेबांनी पेढे मागवले. बाईंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. त्याच दुपारी त्या गेटबाहेरच्या टपरीवर चहाला गेल्या, मी बरोबर होतो. टपरीवाला जौनपूरकडचा, तोंडात सदा तंबाखू. तो आपल्या भावावर खेकसला, "सिलिंडर उधर काहे रखा? ज्वलनशील पदार्थ है, गर्मी से दूर रख!" बाईंचा कप हवेतच थांबला. ज्वलनशील हा शब्द त्या रस्त्यावर आमच्या व्हिडिओशिवाय कुणाच्याच तोंडी नव्हता.

"आग किती प्रकारची असते?" बाईंनी विचारलं. त्यानं सगळे प्रकार सांगितले. कुठल्या आगीवर पाणी टाकायचं नाही, तेही सांगितलं. मग सगळं बाहेर आलं. गोदामात फोन न्यायला बंदी आहे, त्यामुळे पॅकिंगची सगळी माणसं आपापले फोन ह्याच्या टपरीतल्या लाकडी पेटीत ठेवून आत जात. नऊ वाजले की पेटीत एकदम निरोपांचा गजर होई आणि उत्तर देईपर्यंत दिवसभर अधूनमधून चालू राही. "दिमाग खराब हो जाता था, मॅडमजी," टपरीवाला हात जोडून म्हणाला. "लॉक तो सब हमरे सामने ही खोलते हैं, तो हम एक एक खोल के देख लिये, जवाब दे दिये. सब चुप हो गया." म्हणजे आमच्या कंपनीतला सगळ्यात जास्त प्रशिक्षण झालेला माणूस आमच्या कंपनीत नव्हताच.

मी हसून हसून बाकावर आडवा झालो. बाईही हसल्या, त्याची पाठ थोपटली, म्हणाल्या, "हुशार है तू." आणि आत येऊन त्यांनी पॅकिंगचं एकेक नाव परत लाल केलं.

गंमत तिथे संपली. कारण दुसऱ्या दिवशी, ज्यांचा माल आम्ही ठेवतो त्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती आणि ती हाच रिपोर्ट बघणार होती. साहेब धावत आले. "बाई, फक्त उद्याचा दिवस हिरवं राहू द्या. परवा करा लाल, मी स्वतः पुढं येऊन उभा राहतो."

"परवा आग लागली तर?" बाई म्हणाल्या. "ज्याला सगळं येतं तो टपरीवाला गेटबाहेर. बाकीचे जिना शोधत बसतील."

"तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय, बाई. मला वर काय सांगायचं?"

"सांगा, फोन आत नेऊ देत नाही आणि शिक्षण फोनवर ठेवता. कामाच्या वेळात अर्धा तास द्या, एक मोठा पडदा द्या, मी सगळ्यांना शिकवते. खोटा निकाल मी शाळेत लावला नाही, इथं नाही लावणार."

पाहुणे आले, त्यांनी लाल बघितलं, लिहून घेतलं. पुढे मोठा पडदा आला. अर्धा तासही मिळाला. बाईंचं कंत्राट मात्र वाढलं नाही. वरच्या ऑफिसनं कळवलं की यापुढे रिपोर्ट तिकडूनच बघितला जाईल. मी वर फोन केले, मेल लिहिले, साहेबांनीही शब्द टाकला, पण काही झालं नाही. शेवटच्या दिवशी बाई पर्स खांद्याला लावून माझ्या टेबलाशी आल्या. "तुझं एक राहिलंय हं. आणीबाणीत बाहेर पडण्याचं. आता मागे लागायला मी नाही." मी म्हटलं, "करतो, बाई." मग त्या लेकीकडे नागपूरला गेल्या.

ते मी केलं नाही. आधी राहून गेलं, मग ठेवलं. कारण बाई गेल्या तरी निरोपाखालचं नाव बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सकाळी नऊला माझ्या मेलवर येई, "आज करावे. उद्या म्हणू नये," आणि खाली बाई. दारात आता कुणी नावं वाचत नाही, चहाच्या वाटेवर कुणी अडवत नाही, माझं नाव सोडून सगळं गोदाम हिरवं असतं. मला बाईंची फार आठवण येते, हे सरळच सांगतो. सणावाराला फोन करायचो, तर त्या जावई आणि नात यांच्याबद्दल सांगत, "बरं आहे सगळं" म्हणत, आणि आवाज चक्क खालच्या पट्टीत असे. तेवढ्यानं माझं समाधान व्हायचं नाही. नऊचा निरोप आला की मात्र वाटे, बाई दारात उभ्या आहेत.

गेल्या महिन्यात वरच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. जुनं सॉफ्टवेअर बंद होणार, नवीन येणार. "सर, पूरी साइट में एक ही रेड है. आपका. एचआर का!" मी म्हटलं, करतो. निरोप आता तसाही थांबणारच होता. निदान बाईंना आवडेल असं करावं म्हणून दुपारी दार लावून बसलो, व्हिडिओ पुढे न ढकलता सगळा बघितला, तो जिनासुद्धा, आणि उत्तरं दिली. नाव हिरवं झालं. मला अजिबात आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून गेले. मेल आला नाही. मी उगाच पेन इकडचं तिकडे करत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"केलंस शेवटी?" नमस्कार नाही, काही नाही.

"केलं, बाई. काल."

"बघितलंस की नुसतं दाबलंस?"

"सगळं बघितलं."

"मग सांग, बाहेर पडल्यावर थांबायचं कुठं?"

"आपल्याकडे टपरीमागे, त्या उंबराखाली. सगळे आले का ते मोजेपर्यंत हलायचं नाही."

"हं," बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती घरच्या मेलवरची प्रत. माझा प्रत्येक निरोप रोज नऊला नागपुरातही पोचत होता.

"बाई, तुम्हाला रोज कळत होतं? मग एवढे दिवस ओरडला कशा नाहीत?"

"ओरडले असते तर तू करून टाकलं असतंस," बाई म्हणाल्या.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याच पुढे म्हणाल्या, "इथं फार शांत आहे रे. रात्री झोप लागत नाही. तू घरी जाताना नारपोलीवरून जातोस का?"

माझी वाट ती नाही. पण त्या संध्याकाळी मी वाकडी वाट करून गेलो, बाईंच्या जुन्या शाळेच्या भिंतीशी उभा राहिलो आणि फोन लावला. भिंतीपलीकडे माग चालू होते. बाई काहीतरी बोलत होत्या, वर्गात बोलत तसं, अगदी वरच्या पट्टीत. त्या खटखटीत मला त्यातला एक शब्द कळला नाही. मी फोन भिंतीकडे धरून तसाच उभा राहिलो.