बिननावाच्या बरण्या

बरणीचं झाकण उघडलं की खाला आधी डोळे मिटायच्या, बरणी नाकाशी न्यायच्या आणि मगच बोलायच्या. "हां, ओवा हाय. पर गेल्या सालचा." बरणीत ओवा आहे हे मला दिसत होतंच हो! पण तो गेल्या सालचा आहे, हे त्यांच्या नाकाशिवाय कुणाला कळणार?

बदली होऊन मी अणदूरच्या शाळेत आले, तेव्हा त्यांच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळाली. सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणू लागले. पहिल्याच रविवारी त्या माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. फळीवर मीठ, तिखट, चहापत्ती आणि बिस्किटं. "आगं बाई, उद्या पोटात दुखलं तर काय बिस्कुट खानार व्हय?"

मग माझी फळी भरली. सुंठ, ओवा, हळकुंड, बडीशेप, ज्येष्ठमध, वेखंड. सगळं अख्खं आणायचं, मूठमूठभरच आणायचं आणि लागेल तेवढंच कुटायचं. गॅसजवळ ठेवायचं नाही. "धगीनं जीव जातो त्यांचा." मोरीच्या पाण्यावर त्यांनी माझ्याकडून अडुळसाही लावून घेतला. मी हौसेनं बरण्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तर खुदकन हसल्या. त्यांच्या फडताळात तीसेक बरण्या होत्या आणि एकीवरही अक्षर नव्हतं. "आमाला लिवता येत न्हाय, म्हून तर अल्लानं नाक दिलंय."

तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल. पोराचं पोट फुगलं, कुणाला खोकला झाला, की लोक आधी खालांच्या दारात. पण खोकला आठ दिवसांवर गेला की त्या स्वतःच हाकलायच्या. "हे माझं काम न्हाय. जा, सुई घे."

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी शाळा बंद होत्या आणि आम्ही शिक्षक घरोघरी तपासणीच्या ड्यूटीवर होतो. एका संध्याकाळी माझं अंग तापलं, घसा धरला. दुसऱ्यांना दटावून तपासणीला पाठवणारी मी, स्वतः मात्र गेले नाही. गेले असते तर गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले असते आणि लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. तोंडाला रुमाल बांधला आणि खालांच्या दारात उभी राहिले. "साधी सर्दी झालीय खाला, काढा द्या ना." त्यांनी आत बसवून दोन कप पाजला.

आठवड्याभरात खाला अंथरुणाला खिळल्या. जगल्या, पण वास गेला तो परत आलाच नाही. एकदा चुलीवर दूध करपत होतं आणि त्या शेजारी बसून निवांत लसूण सोलत होत्या, तेव्हा मला ते कळलं. त्यांनी माझा हात धरला. "कुनाला बोलू नको, बेटा. मग माझ्याकडं कोन येईल?" मी लगेच मान हलवली. मला तर ते सोयीचंच होतं! नाकाचा विषय निघाला असता, तर दुखणं कुठून आलं हेही निघालं असतं.

अख्खे जिन्नस त्या डोळ्यांनी ओळखायच्या. पण दुखण्यानंतर हातात जोर राहिला नव्हता, म्हणून पूड कुटवून ठेवू लागल्या होत्या. समोरच्या घरची सून अजीर्णावर सुंठ मागायला आली. खालांनी तिला दिसायला तशीच असलेली वेखंडाची पूड दिली, तीही चमचाभर. पोरगी दिवसभर ओकली, सलाईन लावावं लागलं. संध्याकाळी ती उठून बसली, पण तिची सासू खालांच्या दारात येऊन कडाडली. "डोकं फिरलंय तुमचं! लोकांचे जीव घ्याल. बास करा आता."

मी तिथंच उभी होते, हातात दुधाची पिशवी. खालांचं डोकं ठणठणीत आहे, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्यानंतर त्यांच्या दारात काही मागायला कुणी आलं नाही.

दोन महिन्यांनी लेक त्यांना उमरग्याला न्यायला आली. निघायच्या आधी मला राहवलं नाही. "खाला, त्या दिवशी मला साधी सर्दी नव्हती."

"ठाव हाय. कप देताना हात लागला की तुझा. तव्यावानी तापला हुता."

"मग मला घालवलं का नाही?"

"आजारी पोरीला दारातनं घालवू व्हय?" त्या पिशवीचं तोंड बांधत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "बोलू नको असं मीच म्हनले हुते, खरं हाय. तरी समोरची सासू दारात आली त्या दिवशी वाटलं, तू बोलशील."

यंदाच्या उन्हाळ्यात त्या उमरग्याला वारल्या. बातमी आली तेव्हा समोरची सासू हळहळली, "गुणाची बाई हो. शेवटी शेवटी डोकं गेलं बिचारीचं." आणि मी, लाज नसल्यासारखी, "हो ना" म्हणाले.

म्हणून आता तुम्हाला सांगते. खालांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. नाक गेलं होतं, आणि ते मी घालवलं होतं.