मंगळवारची जोडीदार

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या क्रीडा केंद्रात दर मंगळवारी ती बॅडमिंटन डबल्सला माझी जोडीदार असते. पूर्वी चीनकडून खेळायची म्हणे. विचारलं, की "थोडंसं," म्हणते आणि बुटांच्या लेस पुन्हा बांधत बसते. मला तिचा संशय यायचा, कारण वीस-वीस गुण झाले, की एखादं अगदी सोपं शटल ती हमखास नेटमध्ये मारायची.

परवा समोर मोठ्या आजारातून उठलेली एक नर्स होती. आम्ही पुन्हा हरलो.

"मुद्दाम हरलीस ना?" मी चिडून विचारलं.

रॅकेटची ग्रिप पुसत ती म्हणाली, "टीममध्ये होते, तेव्हा कुणाशी हरायचं ते कोच ठरवायचे. आता मी ठरवते."

जोडीदार होण्याआधी तिच्याविरुद्ध मी जिंकलेले सगळे गेम मला तिथेच आठवले.