टॉवेल-टोपीचा पाहुणा

मुखेडच्या स्टँडवर मला निरोप द्यायला एवढी माणसं जमली, की कंडक्टरने बापूंना विचारलं, "नवरदेव कोणता?"

बापू म्हणजे माझे वडील. ताठ उभे राहून म्हणाले, "नवरदेव न्हाई, इंजिनेर हाय. अमेरिकेला चालला."

कंडक्टरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग नांदेडपर्यंत तरी खिडकीशी बसू द्या त्याला," म्हणाला.

मायने पिशवीत दशम्या आणि शेंगाची चटणी भरली होती. बापूंनी वरून एक नारळ कोंबला. नारळ कशाला, म्हणून मी वाद घालत होतो तोवर गाडी हलली. मग बापू गाडीबरोबर चार पावलं धावले आणि खिडकीतून ओरडले, "कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नगं!"

माय त्याच जागी उभी होती. बापूंचं ते धावणं आणि तिचं ते उभं राहणं, दोन्ही अजून माझ्यासोबत आहेत. नारळ मात्र विमानतळावरच्या एका संशयी अधिकाऱ्याने काढून घेतला.

मंडळी, तुम्ही जे तिकडे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, दोघांनाही सांगायचं आहे ते यापुढचं. आणि ते सगळं जळण्याबद्दल आहे. मी आयुष्यात पुष्कळ कामं अर्धवट केली, पण जळण्याचं काम नेहमी मन लावून केलं.

मी जिथे आलो ते गाव मुखेडएवढंच. पण चहूबाजूंनी असे डोंगर, की दुपारी चारलाच ऊन पळून जायचं. मी तिथल्या पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर लागलो. वर्षभराने सुनंदा, माझी बायको, रेणापूरहून आली. गावात एक लायब्ररी होती आणि तिच्या दारात एक बोर्ड. शनिवारी कुणी हिरवळीवर चित्रं काढायला शिकवणार, रविवारी कुणी म्हातारी पक्षी दाखवायला डोंगरावर नेणार, पुढच्या आठवड्यात दगड ओळखायचे, मग गाणी. प्रत्येक कागदाखाली एकच ओळ: फ्री, सगळ्यांनी यावं.

फुकट! आमच्याकडे फुकट म्हटलं की माणूस आधी स्वतःची चप्पल सांभाळतो. पण सुनंदा म्हणाली, "सगळ्यांनी या म्हणून लिहून राहिलेत, म्हंजे आपल्याला बी आवतन हाय. न्हाई गेलं तर काय म्हणतील?"

तर आम्ही गेलो. दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग दाखवण्याचा कार्यक्रम होता. सुनंदा इरकल नेसली, मी लग्नातला कोट चढवला. बापूंचं वाक्य कानात होतंच, म्हणून तासभर गाडी चालवून इंडियन स्टोअरमधून नारळ आणला, सोबत एक खण आणि पावशेर पेढे. लायब्ररीमागच्या गवतावर बाकी सगळे चड्डी-बनियनवर लोळत होते. दुर्बीणवाले गृहस्थ रिटायर्ड मास्तर. मी पुढे होऊन वाकलो आणि त्यांच्या हातात नारळ दिला, खण दिला, पेढे दिले.

त्यांना वाटलं, हे सामान शिकवायला आणलंय. त्यांनी खण टेबलावर अंथरला आणि म्हणाले हे आकाश. नारळ मधे ठेवला, हा सूर्य. एक पेढा घेऊन नारळाभोवती फिरवला, ही पृथ्वी. पोरं तोंड उघडून बघत होती. सांगून झाल्यावर एका चिमुरडीने पृथ्वी उचलून खाऊन टाकली.

मी हसलो. पोट धरून हसलो. आणि हसता हसता पोटातच काहीतरी पेटलं. असं आमच्याकडे का नाही?

पुढच्या आठवड्यात दगडांचा कार्यक्रम झाला तेव्हा तर भडकाच उडाला. एका बाईंनी मखमलीच्या कापडातून एक पांढरी, पैलू असलेली गारगोटी काढली आणि सगळे आ वासून पुढे झुकले. अहो, गारगोटी! आमच्या गावामागच्या माळावर ढिगाने पडलेली. असल्या गारगोट्यांनी आम्ही चिंचा पाडल्या आहेत. बालाघाटाचा डोंगर उंचीला कमी असेल, पण डोंगर तो डोंगरच की! त्यांच्या दगडाला मखमल आणि आमच्या दगडाला चिंच?

म्हणून मी दर रविवारी मिलिंदला फोन लावू लागलो. मिलिंद माझा वर्गमित्र, आमच्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बोर्डावरचा कागद न् कागद मी त्याला वाचून दाखवायचो आणि शेवटी ठरलेलं भाषण: "डोंगर उशाला घेऊन झोपून राहिलात तुम्ही! जरा उठा की!"

तो शांतपणे म्हणायचा, "हाव, ऐकून राहिलो. पुढं बोल."

अशी कितीतरी वर्षं गेली. बापू गेले, मग माय गेली. रविवारचा फोन तेवढा राहिला.

आणि एक दिवस फोटो आला. आमचा माळ. सीताफळाच्या झाडाला बांधलेला कापडी फलक: मोफत, सगळ्यांनी यावं. पोरं गुडघ्यावर बसून भिंगातून गारगोट्या बघतायत. आणि माझी वैनी, जी माझ्यासमोर कधी दोन ओळी गुणगुणली नाही, ती हातात माईक घेऊन ओव्या म्हणतेय.

मी लगेच फोन लावला. मिलिंद म्हणाला, "आधी कुणी येईना रे. सात जण आले, त्यातले तीन आपण काय विकून राहिलो ते बघायला. मग वैनी म्हणल्या, फलक वाचून कुणी येतंय का? त्या दारोदार अक्षता घेऊन फिरल्या, आवतन दिलं. मग सगळा गाव लोटला. आता एक सांग, लोकांनी नारळ आणलेत. अकरा! काय करू त्यांचं?"

"एकाचा सूर्य कर," मी म्हणालो. "बाकीचे फोड."

फोन ठेवला आणि लक्षात आलं की जाळ विझला नव्हता, त्याने फक्त दिशा बदलली होती. इतकी वर्षं मी डोंगरातल्या गोऱ्यांवर जळत होतो. आता घरच्यांवर जळू लागलो. प्रत्येक फोटोत मी स्वतःला शोधायचो. अण्णा, माझा थोरला भाऊ, टेबल उचलताना दिसे. मिलिंद तर सगळीकडे. मी कुठेच नाही. शेवटी न राहवून वैनीला म्हणालो, "आयडिया माझी होती, एवढं तरी सांगा लोकांना."

"आणि डोंगर बी तुमचाच हाय का, भाऊजी?" वैनी म्हणाली.

"बरं, मला एकदा बोलवा तरी!"

बोलावलं. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो आला, कोपऱ्याला हळदीची बोटं, वर अक्षता, आणि माझं नाव पुढे श्री. लावून: सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे. मी हरखून गेलो. ऑफिसात सगळ्यांना दाखवला. सुनंदाने कागद दोनदा वाचला आणि फोन मला परत दिला. मी रजा टाकली.

माळावर पोचलो तर माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची. बाकी सगळा गाव सतरंजीवर. अण्णाने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. माईकवरून पुकारा झाला, अमेरिकेहून आलेले आपले पाहुणे. टाळ्या पडल्या. मी हात जोडून चहूकडे वळलो, अगदी निवडून आल्यासारखा. मला नाटक आवडतं, लपवून काय उपयोग?

तेवढ्यात वैनी मागून ओरडली, "भाऊजी! ती सतरंजी वढा की सावलीत, लेकरं भाजून राहिलेत!"

मी टुणकन उठलो.

"तुम्ही बसा हो," वैनी म्हणाली. "मी मिलिंद भाऊजींना म्हणले."

मी बसलो. मिलिंद धावत गेला, सतरंजी ओढली, वैनीचं आणखी थोडं ऐकून घेतलं. मग ती माझ्याजवळ चहा घेऊन आली तेव्हा मी हळूच विचारलं, "मिलिंदला टॉवेल-टोपी दिली का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यांना कशाला? घरच्या माणसाला आहेर करतंय का कुणी?"

मांडीवरचा नारळ मला एकदम फार जड लागला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मी आजवर कुठे सांगितलेली नाही. लहानपणी मिलिंद मला बोलवायला यायचा तेव्हा आमच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर थांबायचा. पाणी मागितलं तर त्याच्या ओंजळीत वरून ओतलं जायचं. बाबासाहेबांचा फोटो घरात असलेला, वर्गात पहिला येणारा मिलिंद. मी वरच्या पायरीवर उभा राहून ते बघायचो आणि खेळायला उशीर होतोय एवढंच म्हणायचो. आता तो माझ्या वैनीचा भाऊजी झाला होता, आणि ते नातं त्याने सतरंज्या ओढून कमावलं होतं. त्याच्यावर जळण्याची माझी लायकी किती, हे मला ठाऊक होतं. तरीही जळलो.

कार्यक्रम संपला. मी टोपी खिशात घातली, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि सतरंजीचं एक टोक उचललं. दुसऱ्या टोकाला मिलिंद.

"ऱ्हाऊ दे, कपडे खराब होतील."

"होऊ दे."

मी ओढली, ती तिरकी झाली, मधेच दुमडली. धूळ सगळी माझ्या तोंडावर.

"अरे सरळ धर की!" तो खेकसला. "एवढी वर्षं फोनवर अक्कल शिकवून राहिला, आन् घडी घालता येत न्हाई?"

खुर्चीवर बसून ऐकलेल्या टाळ्यांपेक्षा ते खेकसणं मला गोड लागलं.

घरी आल्यावर मी मुद्दाम ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसलो. मिलिंद आतून, चुलीजवळून बाहेर आला. मला बघितलं, पायरी बघितली. मग म्हणाला, "नाटक करू नको. आत ये, चहा गार होऊन राहिला."

या वर्षी आवतनाचा कागद आला नाही. मी रोज फोन बघत होतो. हळदीची बोटं नाहीत, श्री. नाही, अगत्य नाही. सुनंदाला म्हणालो, "विसरले वाटतं." तिने नुसतं हुंकारून विमानाची तिकिटं बघायला घेतली. काल मिलिंदचा मेसेज आला. तीनच वाक्यं: "गुरुवारच्या आत पोच. सतरंज्या वाढल्यात, धरायला माणूस कमी हाय. नारळ आणू नको, लई झालेत."

बापू, तुमचं मी आजवर ऐकलं. या वेळी रिकाम्या हाताने जातोय. सतरंजीचं टोक धरायला दोन्ही हात मोकळे लागतात.